सांडपाण्यातून वाहून जाणाऱ्या खताच्या गोण्या

मार्च उलटला की जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या अनेक शेततळ्यांचे पाणी हिरवे पडू लागते. ऊन वाढलेले असते, पाणी एका जागी थांबलेले असते आणि विहिरीतून किंवा कालव्यातून उपसलेल्या पाण्याबरोबर खताचा थोडाफार अंशही तळ्यात आलेला असतो. आठ-दहा दिवसांत पाण्याचा रंग बदलतो. ठिबकच्या नळ्यांत शेवाळ अडकते, ड्रीपर बंद पडतात, फिल्टर रोज धुवावा लागतो. मग कोणी मोरचूद टाकतो, कोणी तळ्यात मासे सोडतो. शेतकऱ्याच्या लेखी शेवाळ म्हणजे निव्वळ कटकट.

मात्र पाण्यात विरघळलेले खत वेचून घेण्यात या शेवाळाइतके तरबेज क्वचितच कोणी असेल. शेततळ्यात त्याचा त्रास होतो, तो याच गुणामुळे. हाच गुण गावाच्या सांडपाण्यावर लावला तर पाणी स्वच्छ होते आणि त्यातले नत्र व स्फुरद शैवालाच्या रूपाने हाती लागते. ही कल्पना आज नवी नाही. सत्तर वर्षांपूर्वी ती प्रयोगशाळेबाहेर पडली आणि जगात काही ठिकाणी तिच्यावर मैलापाण्याची केंद्रे चालतात. आपल्या भागात ती कितपत उपयोगी पडेल, हे पाहायचे तर घोषणा बाजूला ठेवून थोडा हिशेब मांडावा लागेल.

नद्यांची अडचण कुठे आहे

कुकडी, मीना, घोड, पुष्पावती, मांडवी या नद्या सह्याद्रीत उगम पावतात. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी या दोन तालुक्यांचे रूप बदलले. ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा, बटाटा आणि दुभती जनावरे हे सगळे त्या पाण्यावर उभे आहे. पण धरणाखालच्या नदीला उन्हाळ्यात स्वतःचा प्रवाह उरत नाही. आवर्तन सुटले की ती वाहते, एरवी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत तुंबलेल्या पाण्याचे डोह तेवढे दिसतात. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा ही गावे वाढत चालली आहेत. नळाचे पाणी घरोघरी आले, तसे मोरीचे आणि शौचालयाच्या टाकीतून झिरपणारे पाणीही वाढले. ते ओढ्याने नदीत येते आणि बंधाऱ्यात थांबते.

थांबलेल्या पाण्यात नत्र आणि स्फुरद साठले की जलपर्णी माजते, पाणी हिरवे होते. कुकडी आणि मीना घोडला मिळतात, घोड भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते. पुणे-पिंपरीच्या मैलापाण्याने आधीच भारलेल्या उजनीच्या जलाशयात आपल्या गावांचा वाटाही असा पोहोचतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले होते. त्यांतले ५५ महाराष्ट्रातले होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

हिरवे पाणी आणि आरोग्य

प्रश्न दिसण्याचा किंवा वासाचा असता तर तो एकवेळ सोसता आला असता. पण नत्र-स्फुरदाच्या या अतिरेकाचे दोन परिणाम थेट माणसाच्या शरीरापर्यंत येतात.

पहिला नायट्रेटचा. सांडपाण्यातला अमोनिया जमिनीत झिरपताना जिवाणूंमुळे नायट्रेटमध्ये बदलतो आणि विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरतो. शेतात गरजेपेक्षा जास्त टाकलेला युरियाही याच वाटेने जातो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ओठ, नखे निळसर पडतात. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. साध्या गाळणीने किंवा तुरटीनेही ते जात नाही. त्यामुळे विहिरीच्या पाण्याची वर्षातून निदान एकदा, पावसाळ्यानंतर, प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे हाच शहाणपणा.

दुसरा परिणाम विषारी शैवालाचा. हिरवे पाणी पाहून सगळे शेवाळ सारखेच वाटते, पण त्यात नील-हरित गटातले काही प्रकार विष तयार करतात. मायक्रोसिस्टिस नावाच्या प्रकाराचे विष यकृतावर आघात करते. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला पुरवलेल्या जलाशयाच्या पाण्यात हे विष होते. त्यात ५२ रुग्णांचा मृत्यू या विषामुळे झाल्याचे पुढे स्पष्ट झाले. या गटातील एका प्रमुख विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी कडक ठेवली आहे. माजलेल्या हिरव्या पाण्यावर जनावरे सोडू नयेत, हे म्हणूनच.

दोन्ही संकटांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. जे नत्र आणि स्फुरद शेतात हवे, ते नदीत आणि विहिरीत पोहोचते आहे.

शैवाल नेमके काय करते

सूक्ष्मशैवाल म्हणजे डोळ्यांना सुटे न दिसणारे, बहुतेक एकपेशीय शेवाळ. एक पेशी साधारण पाच ते दहा मायक्रोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीच्याही कित्येक पट लहान. क्लोरेला, सीनेडेस्मस ही त्यांतली सांडपाण्यात सहज वाढणारी नावे. वनस्पतीप्रमाणेच ते सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइड घेते आणि प्राणवायू सोडते. मुळे, खोड, पाने यांवर त्याला काहीच खर्च करायचा नसल्याने ते झपाट्याने वाढते. अनुकूल स्थितीत एका दिवसात त्याची संख्या दुप्पट होऊ शकते.

सांडपाण्यात शैवाल एकटे नसते. तिथले जिवाणू मैल्यातले सेंद्रिय पदार्थ खातात, त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो आणि ते कार्बन डायऑक्साइड सोडतात. शैवाल बरोबर उलट वागते. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न. नेहमीच्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रात जिवाणूंना प्राणवायू पुरवण्यासाठी मोठाले हवेचे पंप रात्रंदिवस चालवावे लागतात आणि केंद्राच्या विजेचा सुमारे निम्मा किंवा त्याहून अधिक भाग त्यावरच जातो. शैवालाच्या तळ्यात हे काम ऊन करते. एक किलो कोरडे शैवाल तयार होताना साधारण दीड किलो प्राणवायू पाण्यात मिसळतो.

आणखी एक गोष्ट आपोआप घडते. भर दुपारी शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतक्या वेगाने ओढून घेते की पाण्याचा सामू नऊ-दहापर्यंत चढतो. असा क्षारीय सामू, भरपूर प्राणवायू आणि उथळ पाण्यात शिरणारे ऊन या तिघांमुळे रोगजंतूंची संख्या मोठ्या प्रमाणात घटते. स्फुरदाचा काही भाग चुन्याबरोबर साका होऊन तळाशी बसतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विल्यम ओस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात या जोडीचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यासाठी खास तळे आखले. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखे लांबट गोल, मध्ये भिंत, पाण्याची खोली फक्त वीत-दीड वीत आणि पाणी हळूहळू फिरवत ठेवणारे एक पाणचक्र. पाणी फिरत राहिल्याने शैवाल खाली बसत नाही आणि प्रत्येक पेशीला आळीपाळीने ऊन मिळते. पाणी या तळ्यात साधारण तीन ते आठ दिवस राहते. ‘उच्च क्षमतेचे शैवाल तळे’ या नावाने ही रचना आजही जगभर वापरली जाते.

पाच हजार वस्तीच्या गावाचा हिशेब

आता हे आपल्याकडच्या एखाद्या गावावर बसवून पाहू. लोकसंख्या पाच हजार. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे रोज साधारण दोन लाख लिटर. मोरी आणि शौचालय यांचे पाणी एकत्र धरले तर अशा पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र आणि ७ मिलिग्रॅम स्फुरद असणे ही नेहमीची बाब.

याचा अर्थ गावातून रोज ८ किलो नत्र आणि सुमारे १.४ किलो स्फुरद ओढ्याने वाहून जाते. वर्षाचे नत्र २,९०० किलोच्या आसपास, स्फुरद ५०० किलोच्या. खताच्या भाषेत सांगायचे तर हे जवळपास ५० गोण्या डीएपी आणि १२० गोण्या युरियाइतके झाले.

किंमत? अनुदानित दराने डीएपीची गोणी १,३५० रुपये आणि युरियाची सुमारे २६६ रुपये धरली तर सगळे मिळून वर्षाला लाखभर रुपये. इथेच थोडे थांबायला हवे. ‘सांडपाण्यातून सोने’ असे मथळे वाचून कोणाला मोठ्या कमाईची आशा वाटली असेल, तर पाच हजार वस्तीच्या गावाचे हे सोने वर्षाला एक लाखाचे आहे. त्या पैशात एका माणसाचा पगारही धड निघत नाही. अनुदान वगळून खताची खरी किंमत धरली तर आकडा बराच वाढतो, कारण स्फुरदाचा कच्चा माल आपण मुख्यतः परदेशातून आणतो आणि त्याचा भार सरकारी तिजोरीवर पडतो. पण ग्रामपंचायतीच्या वहीत लाखच दिसणार. शैवालाची योजना केवळ खतविक्रीच्या भरवशावर उभी राहू शकत नाही. तिचा खरा मोबदला स्वच्छ नदी, सुरक्षित विहिरी आणि वाचलेली वीज यांतून मिळतो.

जागा किती लागेल? पाणी पाच दिवस ठेवायचे आणि खोली एक फूट धरायची तर साधारण ३,३०० चौरस मीटर, म्हणजे ३३ गुंठे. एक एकराच्या आतच काम होते. गावठाणाजवळ ओढ्याच्या कडेला एवढी जागा काही गावांना मिळेल, काहींना नाही.

त्या ३३ गुंठ्यांत शैवाल किती पिकेल? चौरस मीटरला दिवसाला १० ते १५ ग्रॅम हा सावध अंदाज. त्या हिशेबाने रोज ३३ ते ५० किलो कोरडे शैवाल. शैवालात सुमारे ७ टक्के नत्र धरले तर ते रोजच्या ८ किलोपैकी अडीच ते साडेतीन किलो नत्र पकडते. म्हणजे तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक. उरलेल्यातले काही दुपारच्या चढ्या सामूमुळे अमोनिया होऊन हवेत जाते आणि काही पाण्यातच राहते. सगळे नत्र पकडायचे तर जागा दुपटीहून जास्त हवी.

मग पाणी थेट उसाला का देऊ नये?

हा प्रश्न कोणीही शेतकरी विचारेल आणि तो रास्त आहे. दोन लाख लिटर पाण्यात उसाचे किती क्षेत्र भिजेल? वर्षाची सरासरी म्हणून रोज पाच मिलिमीटर पाणी धरले तर एकराला २० हजार लिटर लागतात, म्हणजे दहा एकर. पण त्या पाण्यातले वर्षाचे २,९०० किलो नत्र दहा एकरांवर पडले तर एकरी २९० किलो होते. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलोची, म्हणजे एकरी शंभर किलोची आहे. पिकाला लागते त्याच्या जवळजवळ तिप्पट नत्र जमिनीत जाईल. पीक घेईल तेवढे घेईल, बाकीचे नायट्रेट होऊन खालच्या विहिरीत उतरेल. त्यातच कच्च्या सांडपाण्यातले जंतू आणि जंतांची अंडी शेतात काम करणाऱ्यांच्या हातापायांना लागतील.

शैवालाचे मोल इथे कळते. विरघळलेले नत्र पाण्याबरोबर जाईल तिकडे जाते. ते शैवालाच्या पेशीत बंद झाले की वेगळे काढता येते, वाळवता येते, कंपोस्टमध्ये मिसळून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शेतात नेता येते. ते मातीत हळूहळू कुजते, त्यामुळे नत्र एकदम सुटून वाहून जात नाही. आणि मागे उरलेल्या पाण्यात पिकाला झेपेल इतपतच नत्र राहते. त्या पाण्याने ऊस, चारापिके किंवा झाडे वाढवावीत आणि नदीत शक्य तितके कमी सोडावे, अशी ही मांडणी आहे.

घोडे अडते ते वेचणीपाशी

या तंत्राची सर्वांत अवघड पायरी शैवाल वाढवण्याची नाही, ते पाण्यातून काढण्याची आहे. वरच्या हिशेबात हजार लिटर पाण्यात जेमतेम दीडशे ते अडीचशे ग्रॅम शैवाल असते. इतक्या बारीक पेशी फडक्यातून निसटतात आणि लवकर तळाशीही बसत नाहीत. जोरात फिरवून वेगळे करणारी यंत्रे आहेत, पण त्यांची वीज आणि किंमत गावाला परवडणारी नाही. शैवाल काढले नाही, तर सगळा खटाटोप वाया जातो. हिरवे पाणी नदीत गेले की तिथे शैवाल मरते, कुजते आणि पकडलेले नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते.

यावर स्वस्त उपाय दोन. पहिला, शैवाल आणि जिवाणू यांचे गुठळीसारखे पुंजके तयार होतील अशी काळजी घ्यायची. बसलेल्या पुंजक्यांचा काही भाग रोज पुन्हा तळ्यात सोडला, तर हळूहळू लवकर बसणाऱ्या प्रकारांचेच वर्चस्व तयार होते. मग साध्या निवळणी टाकीत बराचसा गाळ खाली बसतो आणि वाळूच्या वाफ्यावर सुकवता येतो.

दुसरा उपाय आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर चालत आला आहे. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरची पाणथळ जमीन आहे. शहराचे मैलापाणी कालव्यांनी तिथल्या उथळ तळ्यांत सोडले जाते. ऊन, जिवाणू आणि शैवाल ते शुद्ध करतात आणि शैवाल वेचायचे काम मासे करतात. तळ्यातून बाहेर पडणारे पाणी भात आणि भाजीपाल्याला जाते. मासेमारांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने बसवलेली ही व्यवस्था अभियंते ध्रुबज्योती घोष यांनी १९८० च्या दशकापासून जगापुढे आणली. २००२ मध्ये तिला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. आपल्या भागात एवढी सपाट पाणथळ जमीन नाही आणि इतकी तयार मासळी बाजारपेठही नाही. पण त्यातला धडा घेण्यासारखा आहे. तिथे मासे विकून पोट भरणारा माणूस आहे, म्हणून रोज तळ्याकडे लक्ष दिले जाते.

स्पेनच्या दक्षिणेतील चिक्लाना गावी युरोपीय संघाच्या मदतीने २०११ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात शैवालापासून बायोगॅस करून त्यावर मोटारी चालवून दाखवल्या. तिथले ऊन आपल्यासारखेच भरपूर, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग दाटलेले असतात. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाच्या बाजूला तर दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही. त्या काळात शैवालाची वाढ मंदावते, पावसाच्या पाण्याने तळे भरून वाहण्याची भीती असते आणि शेताला पाण्याची गरजही नसते. उलट मे महिन्यात रोज आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर ३३ गुंठ्यांच्या तळ्यातून दिवसाला २६ हजार लिटर पाणी उडून जाते. तालुक्याच्या पूर्व भागात, कमी पावसाच्या पट्ट्यात हे तंत्र जास्त साधेल. पश्चिमेच्या डोंगरी वस्त्यांसाठी शोषखड्डे आणि परसबाग हाच सोपा मार्ग.

कुठे वापरावे, कुठे नको

या भागात जवळजवळ प्रत्येक वाडीवर गोठे आहेत. बायोगॅसची मळी शैवालाला द्यावी का, असा विचार साहजिक आहे. मळीत अमोनिया इतका तीव्र असतो की दहा-वीस पट पाणी मिसळल्याशिवाय शैवाल तगत नाही आणि तिच्या गडद रंगामुळे ऊनही आत शिरत नाही. शिवाय जी मळी थेट शेतात घालता येते, तिला शैवालाचा वळसा कशाला? ती वाफ्यात जावी हेच बरे. मळी आणि गोमूत्र शेताच्या गरजेपेक्षा जास्त झाले आणि ओढ्याला जाऊ लागले, तरच शैवालाचा विचार करावा. साखर कारखान्यांच्या आसवनीतले काळसर पाणीही याच कारणाने पहिल्या टप्प्यात चालत नाही.

जिथे पाणी पातळ आहे, रोज येते आणि दुसरीकडे नेता येत नाही, तिथे शैवाल कामाला येते. गावाचा मुख्य नाला, वसतिगृहे आणि आश्रमशाळा, दूध संकलन व शीतकरण केंद्राचे धुण्याचे पाणी ही अशी ठिकाणे. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण टप्पा दोनमध्ये सांडपाण्यासाठी स्थिरीकरण तळ्यांना निधीची तरतूद आहे. ही तळीही मुळात शैवाल आणि जिवाणूंवरच चालतात. फरक एवढाच की ती खोल असतात, पाणी फिरत नाही आणि शैवाल काढले जात नाही. अशा एखाद्या तळ्याच्या जोडीला उथळ फिरते तळे आणि निवळणी टाकी बांधून पाहता येईल. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. पाण्याचे नमुने, शैवालाचे वजन आणि पिकावरचा परिणाम वर्षभर मोजायचा म्हटला, तर माणसे आणि प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर आहेत.

शेतीत शैवाल वापरायला आपण अगदी नवखेही नाही. भातखाचरातले नील-हरित शेवाळ हवेतले नत्र जमिनीत आणते, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ मध्येच दाखवले होते. गोठ्याशेजारच्या वाफ्यात वाढणाऱ्या अझोलाच्या पानातही असेच नील-हरित शेवाळ राहते.

सावध राहण्याच्या गोष्टी

सांडपाण्यात वाढलेले शैवाल माणसाने खायचे नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी स्पिरुलिना स्वच्छ पाण्यात, मोजून दिलेल्या क्षारांवर वाढवलेली असते. दोन्हींची गल्लत करू नये. सांडपाण्यात कारखान्याचे किंवा गॅरेजचे पाणी मिसळत असेल तर जड धातूही शैवालात साठतात. असे शैवाल खत म्हणूनही नको. दुभत्या जनावरांना ते तपासणीशिवाय घालणे म्हणजे तो धोका दुधापर्यंत नेणे.

प्रक्रिया झालेले पाणी टोमॅटो, काकडी, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना देऊ नये. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये घालून दिलेली मर्यादा १०० मिलिलिटरमध्ये मैलाजन्य जिवाणू एक हजारांहून कमी आणि लिटरमध्ये जंताचे एकाहून अधिक अंडे नको, अशी होती. ती पाळली जाते की नाही, हे नुसते पाणी पाहून कळत नाही. ऊस, गवत, बांबू यांना ते चालेल. ठिबकने द्यायचे तर आधी वाळूचा फिल्टर हवाच, नाहीतर शेततळ्याची कटकट इथेही सुरू होईल. तळ्यावर काम करणाऱ्याला बूट आणि हातमोजे हवेत, कडेला कुंपण हवे आणि कोपऱ्यांत पाणी साचून डास होणार नाहीत, हे रोज पाहायला हवे.

सांडपाण्याची योजना ग्रामसभेपुढे येते तेव्हा चर्चा बहुधा निधी आणि जागा यांवर संपते. यापुढे आणखी चार प्रश्न विचारावेत. तळ्यातला गाळ आणि शैवाल आठवड्याला कोण काढणार? ते कोणाच्या शेतात जाणार? पावसाळ्यात पाणी कुठे ठेवणार? आणि खालच्या अंगाच्या विहिरींतले नायट्रेट योजना सुरू होण्याआधी किती होते आणि वर्षानंतर किती झाले, हे कोण मोजणार? या चारही प्रश्नांपुढे माणसाचे नाव लिहिता आले, तर शैवालाचे तळे चालेल. नाव लिहिता आले नाही, तर तळे कितीही चांगले बांधा, त्या दीडशे-पावणेदोनशे गोण्या उजनीकडे वाहतच राहतील.